आकाशातील वाहतूक आणि संदेशाचा भरवसा



कामगार संघटनेचे काम करणारा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो पगारवाढ, बोनस आणि कंत्राटी कामगार यांवर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. मी विषय कळविला तेव्हा चालकांनाही थोडे नवल वाटले. "विमानांशी तुमचा काय संबंध?" असे त्यांनी मला विचारले. मी विमानविद्येचा पदवीधर नाही. जे वाचले ते रात्रपाळीनंतर वाचले आणि जे कळले नाही ते जाणत्यांना विचारून घेतले. पण हा विषय आता आपल्या गावाच्या डोक्यावरून उडू लागला आहे, तेव्हा त्याचा विचार आपणच केला पाहिजे, असे मला वाटते.

2024 चा पावसाळा आपल्याला आठवत असेल. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, आपल्या शिरूर आणि दौंडकडेही, रात्री आकाशात लुकलुकणारे दिवे दिसू लागले. कुणी म्हणे चोर टेहळणी करतात, कुणी म्हणे सरकारी मोजणी चालू आहे. गावोगाव तरुण मंडळी काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन गस्त घालू लागली. त्या रात्री लोकांच्या तोंडी दोनच प्रश्न होते: हे यंत्र कोणाचे आणि ते कोणाचे ऐकते? मंडळी, आजच्या व्याख्यानाचा सारा विषय या दोन प्रश्नांत आला आहे. आकाशात उडणारे यंत्र कोणाचे ऐकते, ते ऐकतेच याची खात्री किती, आणि ऐकू येईनासे झाले तर ते काय करते?

आपल्यापैकी पुष्कळांनी दौंड जंक्शनवर जुने हाताचे सिग्नल पाहिले असतील. केबिनमध्ये माणूस दांडा ओढी, लांबवर गेलेली तार ताणली जाई आणि सिग्नलचा हात खाली येऊन गाडीला वाट मोकळी होई. ही तार मध्येच तुटली तर काय होई? त्या हाताला मागे वजन लावलेले असे. तार तुटताच वजनाने हात आपोआप आडवा होई, म्हणजे "थांब" असा इशारा मिळे. ज्याने ही युक्ती काढली त्याला मी मनोमन नमस्कार करतो. संदेश तुटला तर गाडी थांबावी आणि थांबलेली गाडी सुरक्षित असावी, हे जमिनीवरील वाहतुकीचे मूळ सूत्र आहे. कारखान्यातील क्रेनचाही नियम हाच: इशारा कळला नाही तर हालचाल बंद.

आता विमानाकडे पाहा. त्याला आकाशात "थांब" म्हणता येत नाही. ते थांबले तर पडते. चार-सहा पंख्यांचा ड्रोन एका जागी तरंगू शकतो खरा, पण बॅटरी आहे तोवरच, आणि ती काही मिनिटांची असते. म्हणजे रेल्वेला जी शेवटची आसऱ्याची जागा आहे ती आकाशात नाही. म्हणून जमिनीवर संदेशाची यंत्रणा बरी असून भागते, आकाशात मात्र तिचा भरवसा आधी मोजून, तपासून आणि लिहून घ्यावा लागतो.

प्रारंभी असे नव्हते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे उतरले, तेव्हा त्यांच्या छोट्या विमानात बिनतारी यंत्र नव्हते. आकाश मोकळे होते, विमान एकटे होते. पुढे विमाने वाढली आणि वैमानिक व जमिनीवरील नियंत्रक यांच्यात बोलणे सुरू झाले. आजही आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या प्रवासी विमानाचा वैमानिक 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. ही लहर सरळ रेषेत जाते. म्हणून मुंबईहून अरबी समुद्रावर दूर गेलेल्या विमानाला तिचा उपयोग होत नाही. तेथे लांब पल्ल्याची, पण खरखर करणारी दुसरी लहर वापरावी लागते, किंवा उपग्रहामार्फत अक्षरी संदेश पाठवावे लागतात.

बोलणे सुरू झाले म्हणजे भरवसा आला, असे मात्र नाही. याची दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही दुःखाची आहेत.

27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुके होते. धावपट्टीवर दोन प्रचंड जेट विमाने होती. एकाचा वैमानिक उड्डाणाला निघाला, दुसरे विमान अजून त्याच पट्टीवर चालत होते. नियंत्रक पहिल्याला "थांबून राहा" असे सांगत होता आणि त्याच क्षणी दुसऱ्या विमानातून "आम्ही अजून पट्टीवर आहोत" असा आवाज दिला गेला. या लहरीवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले, आणि पहिल्याच्या कानी नुसती किंकाळीसारखी शिटी पडली. 583 माणसे मृत्यू पावली. दोघांची यंत्रे चालू होती, दोघेही योग्य तेच बोलत होते, तरी संदेश पोहोचला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे वर जाणारे विमान आणि कझाकस्तानचे खाली येणारे विमान एकमेकांवर आदळले. 349 जण गेले. सौदी विमानाला 14,000 फुटांपर्यंत परवानगी होती, कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायचे होते. ते खाली उतरत राहिले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा बिनतारी चालक निराळा होता, विमान चालविणारे निराळे, आणि उंची दाखविणारे घड्याळ त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून पाहावे लागे. भाषेचाही अडसर होताच. शब्द विमानापर्यंत गेला, पण ज्याच्या हातात सुकाणू होते त्याच्या मनापर्यंत गेला नाही. या अपघातानंतर विमानांनीच एकमेकांना ओळखून वैमानिकाला सावध करणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले.

या अनुभवांतून जगाच्या विमान वाहतुकीने एक गोष्ट शिकली. संपर्क आहे की नाही, एवढा प्रश्न पुरेसा नाही. चार प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला: निरोप जाऊन उत्तर येण्यास वेळ किती लागतो? दुसरा: सुरू झालेला निरोप मध्येच न तुटता पुरा होतो का? तिसरा: हवा असेल त्या वेळी यंत्रणा हजर असते का? चौथा: गेलेला निरोप जसाच्या तसा पोहोचतो का, आणि त्यात चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येते का? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने या चारही प्रश्नांना आकडे लावले आहेत. समुद्रावर दोन विमानांमधील अंतर पूर्वीपेक्षा कमी करावयाचे असेल, तर 1000 निरोपांपैकी 999 निरोप उत्तरासह 240 सेकंदांच्या आत पुरे झाले पाहिजेत. यंत्रणा 1000 तासांपैकी 999 तास हजर पाहिजे. आणि लक्षात न आलेली चूक उड्डाणाच्या 1 लाख तासांत एकाहून अधिक नको.

हजारात नऊशे नव्व्याण्णव म्हणजे आपल्याला फारच झाले असे वाटते. पण हिशेब करून पाहा. वर्षाचे तास 8760. त्यांतला हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. वर्षातून पावणेनऊ तास वीज गेली तर आपण पेढे वाटू! पण हे पावणेनऊ तास कधी येणार, हे कोणी सांगू शकत नाही. मध्यसमुद्रावर विमाने एकमेकांपासून दूर असतात, म्हणून तेथे एवढे चालते. उद्या शहराच्या घरांवरून माणसे नेणारी, वैमानिक नसलेली विमाने जायची असतील, तर हा भरवसा लाखात एक अशा बाजूने मोजावा लागेल. लाखात 99,999 म्हणजे वर्षाला सव्वापाच मिनिटे. आणि ही सव्वापाच मिनिटेही कोणाच्या तरी छपरावर येतील.

यावर व्यापारी लोक म्हणतात, "सोपे आहे. एक संपर्क तुटला तर दुसरा ठेवू." गणित त्यांच्या बाजूचे आहे. शंभरात एकदा तुटणारे दोन संपर्क ठेवले, तर दोन्ही एकदम तुटण्याची पाळी दहा हजारांत एकदा येईल. पण हे गणित केव्हा खरे? दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तेव्हा. आपण शेतकरी मंडळी हे चांगले जाणता. भीमेवर दोन मोटारी बसविल्या आणि दोन्ही एकाच डीपीवर जोडल्या, तर डीपी जळाला त्या दिवशी मोटारी दोन असून पाणी शून्य. ड्रोनला दोन कंपन्यांची सिमकार्डे घातली आणि दोन्ही कंपन्यांची यंत्रे एकाच मनोऱ्यावर, एकाच विजेवर, एकाच तारेच्या जोडणीवर असली, तर ते संपर्क दोन नव्हेत, एकच. म्हणून कोणी "आमच्याकडे दुहेरी व्यवस्था आहे" असे सांगितले, की त्याला विचारावे, "बाबा, तुमचा डीपी एक की दोन?"

दिल्लीच्या विमानतळावर नोव्हेंबर 2025 मध्ये काय झाले ते आठवा. विमाने धड होती, धावपट्ट्या धड होत्या. उड्डाणांचे आराखडे नियंत्रकांकडे पोहोचविणारी स्वयंचलित संदेश यंत्रणा बिघडली. 800 हून अधिक उड्डाणांना उशीर झाला. कोणी दगावले नाही. का? कारण नियंत्रकांनी ते काम हाताने सुरू केले आणि वाहतूक मुद्दाम मंद केली. यंत्र बंद पडले तेव्हा माणसांनी वेग कमी करून सुरक्षितता राखली. हे ज्यांना जमले ते हाताने काम करण्याचे शिक्षण असलेले लोक होते, हे विसरू नका. उद्या खर्च वाचविण्यासाठी असे लोक कमी केले, तर यंत्रणा पडेल तेव्हा हाताने काम कोण करील?

आता आपल्या बांधावर येऊ. ड्रोन ही दूरची गोष्ट राहिलेली नाही. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी गावठाणाची मोजणी ड्रोनने करून पाहिली गेली आणि पुढे हे काम गावोगाव गेले. ऑक्टोबर 2021 मध्ये मणिपूरच्या लोकटाक सरोवरातील करांग बेटावर लस ड्रोनने पोहोचविली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या डोंगरी गावी लस ड्रोनने गेली. बचत गटांतील भगिनींना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना 2023 च्या अखेरीस मंजूर झाली. बिबट्याच्या शोधासाठी वनखाते ड्रोन वापरते. हे सारे चांगलेच आहे. पाठीवर पंप घेऊन विषारी औषध फवारणाऱ्या मजुराची छाती मी पाहिली आहे. तो पंप त्याच्या पाठीवरून उतरत असेल तर मला आनंदच आहे.

पण फवारणीच्या ड्रोनचा संपर्क कसा चालतो, ते पाहा. तो बहुधा 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीवर चालतो. ही लहर परवान्याशिवाय सर्वांना मोकळी आहे. घरचा वाय-फायही तीच वापरतो. ही लहर ओल्या पाल्यातून नीट जात नाही. आता आपला ऊस दहा-बारा फूट उभा आहे. ड्रोन चालविणारी भगिनी बांधावर उभी आहे, तिची उंची पाच फूट. ड्रोन उसाच्या शेंड्यावरून थोडा वर, शेताच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिच्या हातातील यंत्र आणि ड्रोन यांच्यामध्ये आता हवा नाही, हिरवा ऊस आहे. संपर्क तुटला तर दोष तिचा नव्हे. तिला ट्रॉलीवर किंवा उंचवट्यावर उभे करायला हवे होते, अँटेना वर घ्यायला हवा होता. हे तिला शिकविले का, हा खरा प्रश्न आहे.

संपर्क तुटला की बरे ड्रोन तीनपैकी एक गोष्ट करतात: जागेवर तरंगतात, खाली उतरतात किंवा निघालेल्या ठिकाणी परत येतात. हे आधी ठरवून ठेवावे लागते. परतीची उंची विजेच्या उच्चदाब तारांपेक्षा आणि झाडांपेक्षा जास्त ठेवली आहे का? निघण्याची जागा म्हणून जो टेम्पो होता तो मध्यंतरी हलला तर नाही? आणि सर्वांत महत्त्वाचे, संपर्क तुटताच औषधाची तोटी बंद होते का? ड्रोन सेकंदाला पाच मीटर जातो असे धरा. आज्ञा पोहोचण्यास दोन सेकंद उशीर झाला तर तो दहा मीटर पुढे गेलेला असतो. दहा मीटर म्हणजे शेजाऱ्याचे रान. आपल्या उसातील तणनाशक त्याच्या भाजीवर पडले, तर भाऊबंदकीची नवी फिर्याद उभी राहते. तोच ड्रोन ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणारा असेल, तर दोन सेकंदांत चाळीस मीटर जाईल.

कोणी म्हणेल, मोबाईलच्या मनोऱ्यांवर चालवू. पण मोबाईलची अँटेना जमिनीवरील माणसांसाठी किंचित खाली झुकवून बसवलेली असते. ड्रोन शंभर मीटर वर गेला की त्याला एकाच वेळी अनेक मनोरे दिसू लागतात आणि सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. जत्रेत उंचावर उभे राहिले की चारी बाजूंचे भोंगे ऐकू येतात आणि एकही शब्द कळत नाही, तसे ते होते. म्हणून वैमानिक नसलेल्या विमानांसाठी 2012 च्या जागतिक रेडिओ परिषदेत 5030 ते 5091 मेगाहर्ट्झचा निराळा पट्टा राखण्यात आला. जेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तेथे बाजारातील गर्दीची वाट वापरून चालत नाही.

आपल्या देशात 25 ऑगस्ट 2021 पासून ड्रोनचे नियम लागू आहेत. मोकळ्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडता येते. ड्रोनला नोंदणीचा क्रमांक लागतो. परवानगीवाचून उडूच न देणारी, स्थान सतत सांगणारी आणि मनाई क्षेत्रात शिरू न देणारी साधने सक्तीची करण्याची तरतूदही नियमांत आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात ड्रोनच्या वाहतूक नियंत्रणाचे धोरणही जाहीर झाले. 2024 च्या त्या रात्री प्रत्येक दिव्याने आपला क्रमांक जवळच्या पोलीस ठाण्याला सांगितला असता, तर किती तरी गावे निवांत झोपली असती. संदेशाचा भरवसा विमानाच्या मालकाला हवाच. पण खाली झोपलेल्या माणसालाही तो हवा.

आता माझ्या मूळ धंद्याकडे येतो. फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात क्रेनखाली एका कामगाराचा पाय चिरडला. खाली उभ्या असलेल्या सोबत्याने वॉकी-टॉकीवर "थांब, थांब" म्हटले होते. वर केबिनमध्ये ते पोहोचले नाही. व्यवस्थापनाने क्रेनचालकावर निष्काळजीपणाचे आरोपपत्र ठेवले. चौकशीत मी त्याच्या बाजूने उभा होतो. मी एकच गोष्ट विचारली, "या यंत्राच्या बॅटऱ्या बदलण्याची जबाबदारी कोणाची?" कोणाचीच नव्हती! बॅटऱ्या टिकत नाहीत अशा तीन लेखी तक्रारी स्टोअरच्या फायलीत निघाल्या. चालक वाचला. पण खरे सांगतो, त्याचीही एक चूक होती. आवाज येत नाही हे कळल्यावर त्याने थांबायला हवे होते. तो थांबला नाही, कारण थांबला की काम बुडाल्याची नोंद होई. ज्या जागी थांबणाऱ्याला शिक्षा होते, त्या जागी सुरक्षिततेचा कोणताही नियम टिकत नाही. हे मी त्या दिवशी शिकलो.

विमानातही हेच चालत आले आहे. एके काळी विमानात बिनतारी चालक होता, मार्ग शोधणारा होता, यंत्रे सांभाळणारा अभियंता होता. एकेक करून ते गेले, आता दोन वैमानिक उरले. जमिनीवर एकाच माणसाने अनेक ड्रोन सांभाळावेत, असा विचार जगभर चालू आहे. मी यंत्राचा शत्रू नाही. पण एका माणसाच्या हाती दहा ड्रोन दिले आणि एकाच क्षणी तीन ड्रोनचा संपर्क बिघडला, तर तो कोणाला आधी उत्तर देईल? या माणसाचे लक्ष हाही संदेशाच्या साखळीतला एक दुवा आहे. त्याचा भरवसा त्याच्या झोपेवर, पाळीच्या तासांवर आणि सुट्टीवर अवलंबून आहे. अमेरिकेत ऑगस्ट 1981 मध्ये विमान नियंत्रकांनी कामाचे तास कमी करावेत म्हणून संप केला, तेव्हा सरकारने 11 हजारांहून अधिक नियंत्रकांना कामावरून काढले. संप योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकेल. पण थकलेल्या माणसाच्या हाती आकाश सोपवू नये, या त्यांच्या म्हणण्याला उत्तर देता येत नाही.

म्हणून मंडळी, गावात ड्रोन भाड्याने येईल तेव्हा पाच गोष्टी विचारा. नोंदणीचा क्रमांक दाखवा. चालविणाऱ्याचे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवा. संपर्क तुटला तर हा काय करील, ते रिकाम्या टाकीने, आमच्यासमोर करून दाखवा. तुटताच तोटी बंद होते, हेही दाखवा. आणि नुकसान झाले तर भरपाई कोण देईल, ते कागदावर लिहून द्या. ती भरपाई चालविणाऱ्या भगिनीच्या माथी मारली जाणार असेल, तर तो कागद घेऊ नका. आणि समोर आज्ञा जात नाही असे दिसताच तिने काम थांबविले, तर तिच्यावर रागावू नका, तिची मजुरी कापू नका. त्या क्षणी तीच आपल्या साऱ्या गावाचा सिग्नल असते.

दौंडच्या त्या जुन्या सिग्नलला मागे वजन होते, म्हणून तार तुटली तरी गाडी वाचत असे. आकाशातील यंत्रांना ते वजन आपण बांधले पाहिजे. काही वजन कायद्याने बांधावे लागेल, काही गणिताने, आणि बरेचसे आपण सर्वांनी जागे राहून.  प्रश्न अवश्य विचारा. निरोप पोहोचला की नाही, ते त्यावरूनच मला कळेल.